पांढऱ्या पेशी कामावर असताना

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं आणि 'माझं काम' हा विषय दिला आहे. सकाळी आपल्यातल्या शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, बँकेतल्या मंडळींनी आपापलं काम सांगितलं. ते ऐकताक्षणी समजलं. माझं तसं होत नाही. मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण गेली काही वर्षं मी बँकेचं किंवा तिकीट बुकिंगचं सॉफ्टवेअर लिहीत नाही. माझ्यासमोरच्या पडद्यावर जिवंत पांढऱ्या पेशींच्या चित्रफिती असतात. त्या पेशी कुठून कुठे गेल्या, किती वेगानं गेल्या, वाटेत कुठे थबकल्या हे मोजणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. या पेशी माणसाच्याच असतात, पण माणसाच्या शरीरात नसतात. त्या असतात पेनड्राइव्हएवढ्या एका पारदर्शक तुकड्यात. त्याला 'ऑर्गन-ऑन-चिप' म्हणतात, म्हणजे चिपवरचा अवयव.

मी डॉक्टर नाही, जीवशास्त्रज्ञही नाही. अकरावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं हे आपल्या विज्ञानाच्या बाईंना चांगलं आठवत असेल, कारण त्या माझ्यावर तेव्हा रागावल्या होत्या. बाई, उशिरा का होईना, मी तुमच्या विषयाकडे परत आले. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते एका इंजिनिअरच्या नजरेतून.

आधी पांढऱ्या पेशींविषयी. आपण सगळे आता चाळिशी ओलांडलेले, म्हणजे प्रत्येकाच्या घरात रक्ततपासणीच्या रिपोर्टांची एक फाइल आहे. त्यात पांढऱ्या पेशींचा आकडा असतो आणि खाली त्यांचे प्रकार असतात. सगळ्यात मोठा आकडा बहुधा न्यूट्रोफिलचा. अस्थिमज्जेत या पेशी रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार होतात. जंतू शिरला की सगळ्यात आधी धावून जातात त्या याच. पण रिपोर्टमधला आकडा म्हणजे वर्गातली हजेरी. किती जण हजर आहेत ते कळतं. कोण अभ्यास करतोय आणि कोण मागच्या बाकावर डबा खातोय ते कळत नाही. न्यूट्रोफिल काम करते म्हणजे चालते. ती रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, भिंतीतून स्वतःला पिळून बाहेर काढते, जंतूच्या वासावर चालत जाते आणि त्याला गिळते. हे सगळं बघायचं तर ती कामावर असताना बघावी लागते.

असं पहिल्यांदा बघितलं ते एलाय मेचनिकॉफ यांनी. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला. बाहेरच्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी शरीरात असतात ही कल्पना तिथून आली आणि १९०८ साली त्यांना पॉल एर्लिश यांच्याबरोबर नोबेल मिळालं. इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांनी तारामाशाची अळी निवडली कारण ती पारदर्शक असते. आपण दहावीला एका सूक्ष्मदर्शकापुढे पन्नास जणांची रांग लावून गालाच्या आतल्या पेशी पाहिल्या होत्या, त्याही पातळ थर करून, निळा रंग टाकून. माणूस पारदर्शक नाही. आपल्या फुफ्फुसात न्यूट्रोफिल काय करते हे बाहेरून दिसत नाही.

याच मेचनिकॉफ यांचा ओडेसातला एक विद्यार्थी पुढे मुंबईला आला. त्याचं नाव आपण परळच्या संस्थेमुळे रोज घेतो: वॉल्डेमार हाफकिन. प्लेगची लस त्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मोठी मात्रा स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. नवीन औषध पहिल्यांदा कोणाला द्यायचं, हा प्रश्न तेव्हाही होता. प्राण्यांवर करून पाहा, मग धीर करून माणसाला द्या, हाच रस्ता पुढची शंभर वर्षं राहिला.

तो रस्ता कुठे फसतो, याचं एक उदाहरण सांगते. १३ मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल. 'टीजीएन १४१२' नावाचं एक नवं औषध सहा निरोगी तरुणांना देण्यात आलं. हे औषध टी पेशींना, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच दुसऱ्या एका जातीला, चालना देणारं होतं. माकडांवर चाचणी झालेली होती. माकडांना ज्या मात्रेनं काहीही झालं नव्हतं तिच्या पाचशेव्या भागाएवढी मात्रा या माणसांना दिली. दीड तासाच्या आत सगळ्यांना थंडी, डोकेदुखी, उलट्या सुरू झाल्या आणि रात्रीपर्यंत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या टी पेशी एकदम पेटल्या होत्या. 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द आपण सगळे कोविडमध्ये शिकलो, तेच हे. सहाही जण वाचले, पण एकाची हातापायाची बोटं गेली.

असं का झालं याचा शोध घेताना दोन गोष्टी कळल्या. औषध ज्या खुणेला जाऊन चिकटतं ती खूण माणसाच्या काही टी पेशींवर असते, पण त्या जातीच्या माकडांच्या तशाच पेशींवर नसते. दुसरी गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. माणसाच्या पेशी ताटलीत घेऊन त्यात औषध नुसतं मिसळलं तरी काहीच होत नव्हतं. पण औषध पृष्ठभागाला घट्ट बसवलं, किंवा त्या पेशींना रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींचा शेजार दिला, तेव्हा वादळ दिसलं. पेशी त्याच, औषध तेच. जागा बदलली आणि वागणं बदललं. आईवडिलांसमोरचा मुलगा आणि आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारणारा मुलगा यांत जेवढा फरक, तेवढा.

म्हणून प्रश्न असा: पेशी माणसाच्या हव्यात, त्यांची जागा खरी वाटावी आणि आपल्याला आतलं दिसायलाही हवं. हे एकत्र कसं जमवायचं?

इथे चिप येते. ती बनवण्याची पद्धत आपल्या मोदकाच्या साच्यासारखी आहे. आधी केसाएवढ्या उंचवट्यांचा एक साचा करतात. त्यावर पातळ सिलिकॉन रबर ओततात, ओव्हनमध्ये घट्ट करतात आणि सोलून काढतात. उंचवट्यांच्या जागी पाट उमटतात, उसाच्या शेतात असतात तसेच, फक्त मायक्रॉनमध्ये मोजायचे. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या बंदीमुळे मायक्रॉन हा शब्द आता भाजीवाल्यालाही माहीत आहे: मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी नव्वदच्या दशकात रबराच्या साच्यांची ही पद्धत रुजवली. हे रबर पारदर्शक असतं आणि त्यातून प्राणवायू आरपार जातो, म्हणून आत पेशी जगतात आणि वरून दिसतात.

इतक्या अरुंद पाटात पाणी वेगळंच वागतं. आपण लहानपणापासून प्रीतिसंगमावर बघत आलो: कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात, पाणी घुसळतं आणि पुढे एकच नदी होते. चिपमध्ये असे दोन प्रवाह एकत्र आणले तर ते मिसळत नाहीत. एकाच पाटातून शेजारी शेजारी, आपापली बाजू धरून वाहतात. मिसळणं होतं ते फक्त सीमेवर, हळूहळू, रेणूरेणूनं. त्यामुळे एका प्रवाहात जंतूचा 'वास' ठेवला आणि दुसऱ्यात ठेवला नाही, तर मध्ये त्या वासाचा एक नेमका उतार तयार होतो. न्यूट्रोफिल त्या उतारावर कशी चढते, किती वाकडी जाते, कुठे वास विसरते, हे मोजता येतं.

आता अवयवाकडे. २०१० साली हार्वर्डच्या वीस इन्स्टिट्यूटमधले डॅन हुह आणि डोनाल्ड इंगबर यांच्या गटानं 'सायन्स' या नियतकालिकात चिपवरचं फुफ्फुस मांडलं. एकावर एक दोन पाट. मध्ये दहा मायक्रॉन जाडीचा, भोकं असलेला पडदा. पडद्याच्या वरच्या बाजूला माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशी आणि वर हवा. खालच्या बाजूला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी आणि खालून वाहणारा द्रव. दोन्ही कडांना आणखी दोन पोकळ्या. त्यांतली हवा शोषली की पडदा ताणला जातो, सोडली की पूर्ववत होतो. म्हणजे चिप श्वास घेते.

मग त्यांनी हवेच्या बाजूला जंतू सोडले आणि खालच्या प्रवाहात माणसाच्या न्यूट्रोफिल सोडल्या. प्रवाहातून वाहत जाणाऱ्या न्यूट्रोफिल अस्तराला चिकटल्या, पडद्याच्या भोकांतून वर आल्या आणि जंतूंना गिळू लागल्या. मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अळीत जे पाहिलं, ते इथे माणसाच्या पेशींमध्ये, श्वास घेणाऱ्या पडद्यावर, घडताना दिसलं. मी ती चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा आवाज बंद आहे का म्हणून बटण तपासलं होतं. इतकी धावपळ आणि एवढी शांतता!

माझ्यातल्या प्रोग्रामरला सगळ्यात आवडतो तो या गटाचा २०१२ चा प्रयोग. इंटरल्युकिन-२ नावाचं एक कर्करोगाचं औषध आहे. त्यानं काही रुग्णांच्या फुफ्फुसात पाणी भरतं. चिपमध्ये ते औषध दिल्यावर तिथेही खालचा द्रव वर हवेच्या पाटात झिरपू लागला. हे औषध पांढऱ्या पेशींना चेतवणारं, तेव्हा संशय साहजिकच त्यांच्यावर. पण चिपमध्ये पांढऱ्या पेशी न घालताही पाणी भरलंच. श्वासाचा ताण थांबवला तेव्हा मात्र गळती खूप कमी झाली. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडत नसेल तर आम्ही एकेक भाग बंद करून पाहतो. जिवंत प्राण्याचा श्वास 'बंद करून पाहता' येत नाही. चिपचा येतो. पांढऱ्या पेशींवरचा निदान तो एक आरोप तरी तिथे मागे घ्यावा लागला.

आता माझं काम. अशा प्रयोगात दर काही सेकंदांनी एक चित्र घेतलं जातं, तासन् तास. एका चित्रात शेकडो पेशी. न्यूट्रोफिल मिनिटाला दहा-वीस मायक्रॉन चालते, म्हणजे केसाची रुंदी ओलांडायला तिला चार-सात मिनिटं लागतात. माणसानं बसून हे मोजणं अशक्य. सॉफ्टवेअरनं प्रत्येक पेशी ओळखायची आणि पुढच्या चित्रात तीच कोणती हे ठरवायचं. अडचण अशी की सगळ्या सारख्याच दिसतात. दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या की कोण कोणती ते कळत नाही. पी.टी.च्या सरांना गच्चीवरून मैदानावरचे तीनशे पांढरे शर्ट जसे दिसायचे तसं. आम्ही मग पेशीचा आधीचा वेग, दिशा, आकार यांवरून अंदाज बांधतो. हे किचकट आहे, पण रस्ता चुकीच्या पेशीच्या नावावर गेला तर पुढचा सगळा निष्कर्ष बिघडतो.

हे एवढं मनावर घेण्याचं कारणही सांगते. आज सकाळी श्रद्धांजलीत जी नावं वाचली गेली त्यांत आपल्या वर्गातली एक मैत्रीण आहे. ती सेप्सिसनं गेली. लघवीचा साधा जंतुसंसर्ग, दोन दिवस अंगावर काढलेला ताप, मग रक्तात पसरलेला संसर्ग आणि त्याला शरीराचीच बेभान प्रतिक्रिया. डॉक्टरांनी शर्थ केली. रक्तात कोणता जंतू आहे हे सांगणारा कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तो आला तेव्हा उपयोग राहिला नव्हता. जगात २०१७ साली सुमारे १ कोटी १० लाख माणसं सेप्सिसशी संबंधित कारणांनी गेली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आहे. दर पाच मृत्यूंमागे एक.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॅनियल इरिमिया यांच्या गटानं यावर एक चिप केली. रक्ताचा एकच थेंब घ्यायचा, बारीक पाटांच्या चक्रव्यूहात न्यूट्रोफिलना सोडायचं आणि त्या आपणहून कशा चालतात ते पाहायचं. सेप्सिसच्या रुग्णाच्या न्यूट्रोफिल वेगळ्या चालतात. त्या चालीवरून संगणक एक गुण देतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४२ गंभीर रुग्णांमध्ये या पद्धतीनं सेप्सिस असलेले ९७ टक्के आणि नसलेले ९८ टक्के बरोबर ओळखले. ४२ ही संख्या लहान आहे. गावोगावच्या दवाखान्यात ही चाचणी पोचलेली नाही. आपली मैत्रीण यानं वाचली असती असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं तिच्या घरच्यांवर अन्याय होईल. पण ज्या प्रश्नाला कल्चर दोन-तीन दिवस घेतं, त्यातला 'सेप्सिस आहे का' एवढा भाग पेशींच्या चालीतून काही तासांत वाचता येऊ शकतो, हे दिसलं आहे. मी दोन पेशींच्या वाटा वेगळ्या करत बसते तेव्हा हे माझ्या डोक्यात असतं.

आता त्रुटी, नाहीतर तुम्ही म्हणाल हिनं जाहिरातच केली. चिपमध्ये सगळं शरीर नसतं. न्यूट्रोफिल जिथे जन्मते ती अस्थिमज्जा, टी पेशी जिथे शिकतात त्या गाठी, प्लीहा हे सगळं बाहेर राहतं. हे अवयवही वेगवेगळ्या चिपवर करायचे प्रयत्न चालू आहेत, पण जोडून चालवणं कठीण आहे. फुफ्फुसाच्या पेशी एका माणसाच्या आणि टी पेशी दुसऱ्याच्या असल्या तर टी पेशी त्या फुफ्फुसालाच परकं समजू शकतात, आणि आपण पाहतो ती प्रतिक्रिया औषधाची की परकेपणाची हे सांगता येत नाही. न्यूट्रोफिल शरीराबाहेर फार टिकत नाहीत, रक्त ताजं लागतं. ते सिलिकॉन रबर काही औषधं स्वतःच शोषून घेतं, मग पेशींपर्यंत किती पोचलं हे पुन्हा मोजावं लागतं. आणि खर्च आहेच.

तरीही रस्ता बदलतो आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ औषधं ८७० यकृत-चिपवर तपासली. प्राण्यांच्या चाचण्यांतून सुटलेली आणि नंतर माणसाच्या यकृताला घातक ठरलेली जी औषधं त्यांत होती, त्यांपैकी ८७ टक्के चिपनं पकडली आणि निर्दोष औषधांपैकी एकावरही खोटा आरोप केला नाही. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेनं नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची असण्याची अट कायद्यातून काढली. २०२३ मध्ये भारतानंही नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत बदल करून अशा चिपचा पुरावा ग्राह्य धरायची वाट मोकळी केली. प्राण्यांवरच्या चाचण्या उद्या बंद होणार नाहीत. पण पहिल्यांदा औषध घेणाऱ्या माणसाच्या आधी माणसाच्या पेशींचं मत विचारता येईल. हाफकिन यांना ती सोय नव्हती.

वेळ संपत आली. जाता जाता दोन गोष्टी. घरात कोणाला संसर्ग झाला असेल आणि थंडी वाजून ताप, भराभर श्वास, लघवी कमी होणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं यांतलं काही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना थेट विचारा, "हे सेप्सिस तर नाही?" वयस्कर माणसांत ताप नसतानाही हे होऊ शकतं. आपल्या गुरुजनांच्या घरच्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दुसरी विनंती बॅचच्या निधीविषयी. कमानीचा प्रस्ताव माझ्या कानावर आला आहे. कमान चांगलीच दिसेल. पण तिच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून शाळेच्या प्रयोगशाळेला कॅमेरा जोडलेला एक सूक्ष्मदर्शक आणि एक मोठा पडदा घेऊ या. म्हणजे पन्नास मुलांना रांग लावावी लागणार नाही. तळ्यातल्या पाण्याच्या थेंबात अमीबा कसा सरकतो ते सगळी एकदम पाहतील. न्यूट्रोफिल जवळपास तशीच सरकते. पडदा जोडायचं आणि सॉफ्टवेअर बसवायचं काम माझ्याकडे, त्याचे पैसे लागणार नाहीत.